पडद्याच्या पुढची एक खुर्ची

आमच्या थिएटरला अखेर पाटी लागली. समारंभ झाला, फीत कापली गेली, फोटो निघाले, भाषणं झाली. पाटीवर बरीच नावं आहेत. आजोबांचं नाही.

आता वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही असं समजा. मीही तो लिहिलेला नाही असं समजतो. ही सवय मला वारसा विभागात जाऊन जाऊन लागली. तिथे एखादी गोष्ट होऊन गेली, तरी तिचा अर्ज येईपर्यंत ती झालेली नसते. तेव्हा अजून काहीही झालेलं नाही. आजोबा पलंगावर बसून पायमोज्यात चुकीचा पाय घालतायत, मी चहा पितोय, आणि कोपऱ्यावरच्या टायरच्या गोदामाकडे बघून जगात कुणालाही वाटत नाही की तिथे कधीकाळी सिनेमा चालायचा.

चालायचा. माझ्या पणजोबांनी काढला होता.

पणजोबांची मुळात लाकडाची वखार. बोलपट येऊन बरीच वर्षं लोटली होती, म्हणूनच मुक्या सिनेमाचं एक जुनं यंत्र त्यांना जवळजवळ फुकटात मिळालं. "बोलणं लोक घरी ऐकतातच," असं त्यांचं धंद्याचं गणित होतं. "ते ऐकायला पुन्हा तिकीट कोण काढेल?" वखार होती लांबलचक आणि यंत्राचा उजेड होता म्हातारा. तो शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेचना. निम्म्यावरच दमून पडायचा. मग पणजोबांनी पडदा निम्म्यावर टांगला. दुसऱ्या कुणी पडद्यामागची रिकामी जागा सोडून दिली असती. पण पणजोबा लाकडाचा भुस्सासुद्धा विकणारे. त्यांनी पडदा पाण्याने ओला ठेवायला सुरुवात केली, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसावं. पडद्याच्या पुढे खुर्च्या, पूर्ण तिकीट. पडद्याच्या मागे जमीन, अर्धं तिकीट. मागून चित्र उलटं दिसायचं, म्हणजे उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. अक्षरंही उलटी. बाकी गोष्ट तीच, रडणं तेच, शेवटही तोच.

पहिले काही दिवस प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसली. मग प्रतिष्ठित मंडळींनी हिशेब केला. नायक डावरा असला म्हणून आपलं काय बिघडतं? हळूहळू एकेक जण डोक्यावरून पांघरूण घेऊन मागच्या गल्लीतल्या दाराने आत येऊ लागला. अंधारात शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं, शेजाऱ्याला ओळखायचं नाही, आणि सकाळी त्याच शेजाऱ्याला सांगायचं, "काल खुर्ची जरा डुगडुगत होती हो." एका हिवाळ्यात सुरू झालेलं थिएटर उन्हाळ्याच्या आत बंद पडलं. बंद पडलं त्या दिवशी मागे पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीमुळे बुडालेलं थिएटर मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

हे सगळं मला आजोबांनी सांगितलं. मलाच नाही, सगळ्यांनाच सांगितलं. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, चुकून पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाला. त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव 'टॉकीज' पडलं होतं. "टॉकीज निघाले फिरायला." "टॉकीज आले, आता मध्यंतरापर्यंत सुटका नाही." आजोबांना ते ऐकू यायचं. थिएटर मुकं होतं, तेव्हा टॉकीज म्हणणं चूक आहे, एवढीच त्यांची तक्रार असायची.

पण एक दिवस टायरवाल्याने त्यांना तोंडावर सांगितलं, "आजोबा, मी जागा घेतली तेव्हा सगळी चौकशी केली होती. इथे वखार होती. थिएटर-बिएटर काही नव्हतं. उगाच आमच्या गिऱ्हाइकांना काय काय सांगत बसता."

आजोबा घरी आले, काठी दाराआड ठेवली आणि जेवले नाहीत. रात्रीचं नाही, दुपारचंच जेवण होतं, पण आमच्याकडे आजोबा दुपारचं जेवण चुकवतात म्हणजे काहीतरी मोठं घडलेलं असतं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"तू शिकलास ना?"

"जरासा."

"मग एक पाटी लाव तिथे. 'इथे थिएटर होतं.' एवढंच. माझं नाव नको, बापाचं नको. मी खोटं बोलत नव्हतो, एवढं भिंतीवर लिहून मिळालं की पुरे."

बाबा पेपरामागून म्हणाले, "याला काम नाही, त्यांना उद्योग नाही. जोडी छान जमलीय." बाबांचा आमच्या घराण्याच्या इतिहासावर विश्वास आहे, पण प्रेम नाही.

मला वाटलं, एक अर्ज, एक पाटी, चार स्क्रू. माणसाला कधी काय वाटेल याचा भरवसा नाही.

जुन्या वास्तूंच्या पाट्या मंजूर करणारा वारसा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा अर्ज चिमटीत धरून वाचला.

"थिएटर आहे की होतं?"

"होतं."

"बंद पडल्याचा दाखला?"

"तसा काही नाही. पण ते बंद आहे. आत टायर आहेत."

"दाखला नाही म्हणजे बंद नाही. बंद नाही म्हणजे चालू. चालू थिएटर इथे येत नाही. दुसरा मजला, करमणूक."

दुसऱ्या मजल्यावर मी वारस म्हणून सही केली आणि बघता बघता एका चालू थिएटरचा मालक झालो. माझ्या वयाच्या मुलांना साधी भाड्याची खोली मिळत नाही. मालकीचा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. मग नोटीस आली की आपल्या चित्रपटगृहात आग विझवण्याच्या बादल्या नाहीत, स्त्रियांसाठी वेगळी सोय नाही, खेळांच्या वेळा दर्शनी भागी लावलेल्या नाहीत. तशीच एक नोटीस टायरवाल्यालाही गेली. प्रेक्षागृहात टायर का ठेवले, याचा खुलासा करावा. तो नोटीस हातात घेऊन आमच्या दारात आला. मी त्याला बसा म्हणालो. तो उभ्यानेच बोलला, आणि जे बोलला त्यातलं आमच्या आईला इतकंच कळलं, की त्याला चहा नको आहे.

मग शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सरळ एक खेळ लाव आणि बंद पाड. दाखला हातात." खालच्या वकिलांनी डोळे मिटून सांगितलं, की थिएटर चालू असेल तर गेल्या इतक्या वर्षांच्या न झालेल्या खेळांवर करमणूक कर लागू शकतो. ते वकील फक्त घटस्फोट बघतात, हे मला नंतर कळलं. तोवर माझी झोप गेली होती ती गेलीच.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनाच माझी दया आली. म्हणाल्या, "दाखला नसेल तर सुनावणी मागा. त्या वेळी थिएटरात बसलेले दोन-चार जिवंत साक्षीदार आणा. ते म्हणाले होतं, तर होतं. ते म्हणाले बंद पडलं, तर पडलं."

इतकं सोपं होतं. इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण बाई पहिल्यांदाच हसल्या होत्या, आणि बाई हसल्या की मला चेव येतो. मी त्यांना पडद्याच्या मागचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. ओला पडदा, डावरा नायक, डोक्यावरची पांघरुणं. बाई पोट धरून हसल्या, डोळे पुसले आणि साक्षीच्या कागदावर पेनाने एक नवा रकाना आखला: 'पडद्याच्या पुढे की मागे'. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर दोन्ही हात दाखवले होते.

त्या रकान्याने घात केला. गल्लीत त्या काळची सात-आठ म्हातारी माणसं शिल्लक होती. मी दारोदार फिरलो. थिएटर होतं का, विचारलं की चेहरा उजळायचा. "होतं तर. काय दिवस होते." मग मी कागद पुढे करायचो आणि चेहऱ्यावरचे दिवे मालवायचे.

"पुढेच. आम्ही नेहमी पुढेच बसायचो."

"मागे कोण बसायचं?"

"बसायची असतील माणसं. आपल्यातली नव्हती."

एका आजींनी तर रकाना वाचून थिएटरच नाकारलं. "कुठलं थिएटर? मला नाही आठवत." त्यांच्या सुनेने मागून सांगितलं, "अहो, परवाच तर सांगत होतात." आजींनी सुनेकडे असं पाहिलं की तिलाही आठवेनासं झालं.

एकूण जमाखर्च असा: आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे खुर्च्या रिकाम्या असायच्या. गल्लीच्या म्हणण्याप्रमाणे सगळी गल्ली खुर्च्यांवर बसायची. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर आमचं थिएटर भुताटकीने बुडालं असणार.

याचा उलगडा मला केशकर्तनालयात झाला. निवृत्त हेडमास्तर खुर्चीत बसले होते, गालाला फेस. मी मागच्या बाकावर पेपर उघडून बसलो होतो, पेपराची बाहेरची बाजू आरशाकडे. हेडमास्तर आरशात बघत म्हणाले, "पाणीपुरवठा दोन दिवस बंद राहणार. बघा आता." आणि पूर्ण बातमी खणखणीत आवाजात वाचून दाखवली. आरशातली. उलटी.

न्हावी म्हणाला, "मास्तर असंच वाचतात. त्यांच्या वयाचे सगळेच तसे. मी आपला समजत होतो की चष्म्याचा नंबर असेल."

मी पेपराची घडी घातली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. हेडमास्तरांना आरशात माझे डोळे दिसले. ते म्हणाले, "फेस डोळ्यात चाललाय," आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्याच दिवशी ते घरी आले आणि सुनावणीची सगळी सूत्रं त्यांनी हातात घेतली. "साक्ष म्हणजे तोंडी परीक्षा," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पुतण्याने तो जुना सिनेमा कुठूनतरी शोधून मोबाइलवर आणला होता. थिएटरला दुसरा सिनेमा मिळालाच नव्हता. एकच तलवारबाज शेवटपर्यंत तीच लढाई जिंकत असे. हेडमास्तरांनी आपल्या बैठकीच्या खोलीत सगळ्या म्हाताऱ्यांचे वर्ग घेतले.

"नायकाची तलवार कुठल्या हातात?"

"डा..."

"कुठल्या?"

"उजव्या."

"घोडा कुठून कुठे?"

थिएटरच नाकारणाऱ्या त्या आजी बोट नाचवून विचार करायच्या आणि चुकायच्या. त्यांना पुन्हा विचारलं जायचं. माणसाने आयुष्यभर जे पाहिलं असं छातीठोक सांगितलं, ते त्याला म्हातारपणी पाठ करावं लागत होतं. टायरवालाही वर्गाला येऊ लागला. वारसा ठरलेल्या जागेला मालमत्ता करात सूट मिळते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या स्मृतीला पालवी फुटली होती. त्याचे आजोबासुद्धा पुढेच बसायचे, असं तो म्हणे. त्याचे आजोबा या गावात कधी आलेच नव्हते, पण त्याला हरकत घेणारं कुणी नव्हतं. आलेच नाहीत म्हणजे निदान मागे तरी बसले नाहीत.

आजोबांनी वर्गाला जायला साफ नकार दिला. "मी पाहिलाय सिनेमा. मला पाठ कशाला करायचाय?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पलंगाशी बसलो. "आजोबा, तलवारीचं विचारलं तर उजवा हात म्हणा."

"का?"

"सिनेमात उजवाच आहे. मी मोबाइलवर पाहिला."

"मी पाहिला त्यात डावा होता."

"कारण तुम्ही मागे बसायचात."

इतकी वर्षं ते थिएटरच्या गोष्टी सांगत होते, पण कुठे बसायचे ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मालकाचा मुलगा म्हणून आम्ही ते गृहीत धरलं होतं. आजोबांनी पायमोजा काढला, झटकला आणि परत घातला.

"खुर्च्या रिकाम्या असायच्या," ते म्हणाले. "सगळ्या. मी बापाला म्हटलं, एकीत बसू? तर म्हणाला, खुर्ची गिऱ्हाइकाची. न आलेल्या गिऱ्हाइकाचीसुद्धा. तू मागे. रोज म्हणायचो, रोज मागे. शेवटच्या खेळाला पुढे एक माणूस नव्हता रे. तरी नाही बसू दिलं."

"मग उद्या उजवा म्हणा. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," आजोबा म्हणाले. "पाटी कशासाठी लावतोय आपण?"

मी उठलो.

सुनावणीला साहेब उशिरा आले. त्यांनी पंखा वाढवायला सांगितलं, कागद उडाले म्हणून कमी करायला सांगितलं, आणि मग साक्षी सुरू झाल्या. म्हातारी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत बसली होती. एकामागून एक पुढे, पुढे, पुढे. उजवा, उजवा, उजवा. आजींचा घोडासुद्धा त्या दिवशी बरोबर दिशेने धावला. हेडमास्तर तर उभे राहून लढाई दाखवायला लागले. "नायक असा आला, आणि अशी तलवार उपसली," म्हणत त्यांनी काठी वर केली ती डाव्या हातात. काठी हवेत क्षणभर घोटाळली आणि त्यांनी ती उजव्या हातात घेतली. साहेब त्या वेळी घंटी वाजवून पाणी मागवत होते. ते मी पाहिलं आणि आजोबांनी पाहिलं.

मग आजोबांची पाळी आली.

"तलवार कुठल्या हातात?" साहेबांनी विचारलं.

"डाव्या."

"नीट आठवा. घाई नाही."

"नीट आठवलं. डाव्या."

"बाकी सगळे उजव्या म्हणतायत. सिनेमातही उजव्याच हातात आहे, मोबाइलवर दाखवलं मला."

"त्यांचं बरोबर असेल. पुढून उजवा दिसत असेल. मी मागे बसायचो. आम्ही सगळेच मागे बसायचो. हा मास्तर माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा. याला उलटी अक्षरं मी वाचायला शिकवली."

हेडमास्तर खाली न बघता, वर न बघता, शाळेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "साहेब, यांचं वय झालंय. समजून घ्या."

दोघे एकाच वर्गातले.

साहेबांनी समजून घेतलं. शिवाय थिएटरमालकाचा मुलगा जमिनीवर आणि बाकी गल्ली खुर्च्यांवर, हे त्यांना तर्काला धरून वाटेना. निकाल असा लागला: चित्रपटगृह होतं. ते बंद पडलं. पाटी मंजूर. मात्र एका साक्षीदाराची साक्ष विसंगत असल्याने ती विचारात घेतलेली नाही, आणि सदर इसमाचा चित्रपटगृहाशी संबंध सिद्ध होत नाही. मी वारस म्हणून केलेली सहीही त्याच ओघात रद्द झाली. माझी मालकी गेली. बादल्यांची नोटीस मात्र अजून माझ्याच नावावर आहे.

आजोबांनी मला निकाल दोनदा वाचायला लावला. "म्हणजे थिएटर होतं," ते म्हणाले.

"होतं."

"आणि खोटं बोलणारा मी एकटाच."

"तसं नाही लिहिलं. विसंगत लिहिलंय."

"तेच," आजोबा म्हणाले.

पाटी लावायची वेळ आली तेव्हा विभागाने कळवलं, की भिंत आता वारसा भिंत असल्यामुळे तिला भोक पाडता येणार नाही. मग पाटी दाराच्या लोखंडी जाळीला तारेने बांधायची ठरली. टायरवाल्याच्या सांगण्यावरून ती पारदर्शक केली, म्हणजे आतला माल रस्त्यावरून दिसत राहील. वर मोठ्या अक्षरांत 'परिसरातील पहिले चित्रपटगृह', खाली 'पुढील रांगेतील मान्यवर प्रेक्षक', आणि मग नावं. हेडमास्तर सर्वांत वर. टायरवाल्याचे आजोबा दिवंगत म्हणून चौकटीत.

समारंभाला रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. दोन-तीन मान्यवर आजारी असल्याने त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी आजोबांना त्यातल्या एकीकडे नेलं, तर आयोजक धावत आला. "ती राखीव आहे."

"ते येणार नाहीयेत," मी म्हटलं.

"तरी राखीव आहे."

मी भांडायला तोंड उघडलं. आजोबांनी माझा हात दाबला. का कुणास ठाऊक, त्यांना हसू येत होतं, आणि ते बघवत नव्हतं. ते वळले आणि मागच्या गल्लीत शिरले. मी मागोमाग. गोदामाचं मागचं दार उघडंच होतं. आत अंधार, रबराचा वास. आजोबा एका टायरवर बसले. समोर जाळी, जाळीवर पाटी, पाटीतून आत येणारं ऊन, आणि त्यापलीकडे सगळी मान्यवर मंडळी आमच्याकडे तोंड करून बसलेली. पाटीवरची अक्षरं आम्हाला उलटी दिसत होती. आजोबांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत ती न अडखळता वाचली, मला ऐकू जाईल अशी.

टाळ्या संपल्यावर मागच्या दारात काठी वाजली. हेडमास्तर होते, गळ्यात हार तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आजोबांना म्हणाले, "सरक जरा," आणि शेजारच्या टायरवर बसले.

त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. मग हेडमास्तर म्हणाले, "डावाच होता."

"मग तिथे का नाही बोललास?"

"पाटीवर नाव यायचं होतं रे."

आजोबांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांना ते पटलं, याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. आजोबा आता थिएटरच्या गोष्टी सांगत नाहीत. गल्लीत त्यांना कुणी टॉकीजही म्हणत नाही. फिरायला जाताना ते गोदामासमोरून न जाता मागच्या गल्लीने जातात. बाबा म्हणतात, चला, सुटलो. म्हणून मी काल पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि खालील अर्ज दाखल केला. बाईंनी तो वाचला. या वेळी त्या हसल्या नाहीत, पण शिक्काही मारला नाही.

प्रति, वारसा विभाग.
विषय: चित्रपटगृहातील आसनाबाबत.
महोदय, उपरोक्त चित्रपटगृहाच्या शेवटच्या खेळास पडद्यापुढील सर्व खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी त्यांपैकी एक खुर्ची, कोणतीही, कोपऱ्यातली किंवा डुगडुगणारी असली तरी चालेल, माझ्या आजोबांच्या नावे त्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी, ही विनंती. त्यासाठी कुणालाही उठवावे लागणार नाही. खेळ पुन्हा दाखवण्याची आवश्यकता नाही. अर्जदाराच्या आजोबांनी तो पाहिलेला आहे.